दुप्पटचं पाणी

काही माणसांना जसा उभ्या उभ्या घाम येतो, तसा ताईला उभ्या उभ्या तिटकारा यायचा. लॉन्ड्रीच्या दारात गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या हातातली पिशवी उघडायच्या आधीच तिचं नाक वर जायचं. कॉलरवरचा मळ, खिशात विसरलेला रुमाल, बाहीवरचा पुसून न गेलेला डाग, एवढ्यावर ती माणसाची अख्खी कुंडली मांडायची आणि त्यात एकही चांगला ग्रह ठेवायची नाही. गल्ली तिला तोंडावर ताई म्हणायची आणि पाठ फिरली की नाकबाई. हे तिला माहीत होतं. नाक आहे म्हणून म्हणतात, ज्यांना नाकच नाही त्यांना काय म्हणणार, असं तिचं म्हणणं.

बापाचं दुकान एकच होतं, बोळासारखं लांबट. बाप गेल्यावर मधोमध प्लायवूड ठोकून त्याची दोन केली. डावीकडे ताईची लॉन्ड्री, उजवीकडे धाकट्या भावाचं झेरॉक्सचं दुकान. प्लायवूड असलं हलकं की पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे इस्त्री दचकायची. ताईचा नवरा बोटीवर नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचं नाव काढलं की ती म्हणायची, समुद्राची घाण समुद्रात. दुकानाच्या मागच्या खोलीत आई होती, अंथरुणाला खिळलेली, पण कान शाबूत. भावाने लग्न केलं नाही. तो स्वतःच्या दुकानावरच्या माळ्यावर झोपायचा आणि जेवायला ताईकडे यायचा.

या भावाला सगळे दुप्पट म्हणत. ते नाव लहानपणापासूनचं. घरात तेव्हा एकेका वस्तूवर दोन मुलं वाढत होती. एक पेन्सिल, एक खोडरबर, पुड्यातलं शेवटचं बिस्कीट. धाकट्याने त्यावर एक खेळ काढला. उजवा हात वस्तूवर ठेवायचा, डोळे मिटायचे, मग डावी मूठ पुढे करायची आणि म्हणायचं, घे ताई, दुसरं तयार झालं. ते दुसरं नेहमी ताईच्या वाट्याला. किती वर्षं तिने रिकाम्या मुठीतलं बिस्कीट खाल्लं आणि वर छान आहे म्हटलं, कारण तो धाकटा होता आणि आई बघत असायची. तिच्या स्वभावाचं मूळ शोधायचंच असेल तर ते तिथे कुठेतरी सापडेल. पण शोधणाऱ्याने जपून जावं.

माणसं मोठी होतात तशी खेळ सोडतात. दुप्पटने सोडला नाही. आपल्यात एक शक्ती आहे, ती अजून नीट उतरलेली नाही एवढंच, असं तो हसत हसत सांगायचा, आणि तो हसतोय म्हणून लोकांना वाटायचं की गंमत करतोय. ताईला माहीत होतं की तो गंमत करत नव्हता. असल्या माणसाने झेरॉक्सचं मशीन घेतलं यात नवल काय? रंगीत प्रती काढणारं मशीन आलं त्या दिवशी त्याने त्याला पुसायला ताईकडून धुतलेलं मऊ फडकं मागून नेलं होतं. तिने फाटकं दिलं.

त्या वर्षी तलाव आटला. आधी पेपरात आटला, मग नळात. रोजचं पाणी दिवसाआड झालं, मग मनात येईल तेव्हा, आणि मग नळ नुसता घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करायचा. इमारतीच्या वरच्या टाकीची मोटर कोरडी फिरून जळली. एका दवाखान्याच्या चादरी ताईकडे धुवायला यायच्या, त्या बंद झाल्या. तिने पाटीवरचं ‘धुलाई’ खडूने खोडलं आणि ‘फक्त इस्त्री’ एवढंच ठेवलं. कपड्यांवर फवारायच्या बाटलीतलं पाणीसुद्धा ती औषधासारखं वापरायची. अख्ख्या गल्लीला ती पहिल्यापासून पाण्यात पाहत आली होती. आता पाणीच उरलं नाही, तरी तिचं त्यावाचून काही अडलं नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक जुना नळ होता, त्याला कधीमधी धार यायची. त्याची रांग नेमकी दुप्पटच्या दुकानासमोर लागायची, कारण सावली तिथेच होती. माणसं आपापले कॅन ओळीने ठेवून दुकानात टेकायची. धार येईल की नाही याचा भरवसा नाही, घरी जावं तर नंबर जातो, आणि समोर एक माणूस ज्याला बोलायला आवडतं. मग काय! शेवाळाला डबकंच मिळालं.

दुप्पट म्हणायचा, समजा मी एका बादलीवर हात ठेवला. दोन झाल्या. दोन्हींवर ठेवला, चार. संध्याकाळपर्यंत गल्ली भरली. दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठी जाऊन बसायचं आणि पाण्याला नुसतं बोट लावायचं.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायला लागले. ताई पलीकडून शर्टाच्या पाठीवर इस्त्री फिरवत ऐकत होती आणि तिला आपल्या कानांची कीव येत होती. पार्लरवालीने विचारलं की बादलीत किडे असतील तर तेही दुप्पट होतील का. दुप्पटने खूप विचार करून सांगितलं, होतील, पण आधी गाळून घेता येईल. कोणीतरी विचारलं, नकलेचं पाणी प्यायलं तर तहान खरी भागेल का. त्यावर एक अख्खी सकाळ गेली. चांगली शिकलेली, संसार केलेली, पोरं वाढवलेली माणसं नसलेल्या पाण्याची चव ठरवत बसली होती.

मग वाटपाचा प्रश्न निघाला. इमारतीचा अध्यक्ष होता रंगवाला. त्याचं कोपऱ्यावर रंगाच्या डब्यांचं दुकान होतं. बोलणं असं गुळगुळीत की प्रत्येक वाक्यावर दुसरा हात मारलेला. तो म्हणाला, न्याय म्हटला तर आधी घरमालक, मग भाडेकरू. जिन्याखाली बसणारा शिंपी भाडेकरू होता. तो म्हणाला, तहान काय घरपट्टी बघून लागते? बोलता बोलता आवाज चढले. रंगवाल्याने शिंप्याच्या बापाच्या जुन्या थकलेल्या भाड्याचा विषय काढला आणि शिंप्याने रंगवाल्याच्या जावयाचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रंगवाल्याची पँट शिंप्याकडे शिवायला होती, ती त्याने एका पायाला टीप घातलेली, दुसरा पाय तसाच लोंबतोय अशी परत पाठवली.

ती पँट बघून मात्र ताईला राहवेना. इस्त्री उभी करून ती बाहेर आली आणि दुप्पटच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, दुकानातल्या धुळीवरून फिरवावी तशी.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” ती म्हणाली. “आणि तुम्ही पोहऱ्यावरून डोकी फोडताय. तो पोहराही याच्या डोक्यातला. तिथे काय काय आहे ते मला विचारा, मी लहानपणापासून झाडून काढते आहे.”

दोघे-तिघे खाली बघायला लागले. रंगवाला मात्र हसला. तो म्हणाला, माणसाने थोडं आशावादी असावं, ताई, नाहीतर जगायचं कसं. पार्लरवालीने मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं, दिवसभर आरशासमोर तेच काम.

दुप्पट मऊ आवाजात म्हणाला, “ताई, बोलण्याला कुठे पाणी लागतं गं?”

“लागतं,” ती म्हणाली. “थुंकी संपवतोस आहे ती.” आणि आत गेली. मागून हशा झाला. तो कोणावर होता ते तिला कळलं नाही आणि तिने कळून घेतलंही नाही.

मग एक दिवस पाणी खात्याची माणसं आली आणि कुपनं वाटून गेली. गल्लीत टँकर येणार होता. दर घराला एक कुपन, एका कुपनावर दोन कॅन. कुपन म्हणजे गुलाबी पातळ कागदाचा चिटोरा, त्यावर घराचा क्रमांक आणि जांभळा शिक्का. माणसांनी ते चिटोरे कपाटात, पाकिटात, देवाच्या तसबिरीमागे, जिथे म्हणून खात्री वाटली तिथे जपून ठेवले.

त्याच दिवशी दुपारी, रांग मोडून सगळे जेवायला गेले असताना, प्लायवूडपलीकडे रंगवाल्याचा आवाज आला. आज त्याने आवाजाला बराच पातळ हात दिला होता. तो म्हणाला की त्याचं कुपन घडीवर फाटायला आलंय. हरवलं बिरवलं तर पंचाईत. जपून ठेवायला म्हणून एक प्रत मिळाली तर बरं. रंग हुबेहूब यायला हवा, म्हणजे ओळखायला सोपं.

ताईने इस्त्री थांबवली. प्लायवूडला एक जुनं खिळ्याचं भोक होतं. तिने त्याला डोळा लावला, आणि आयुष्यात प्रथमच तिला भावाकडे बघत राहावंसं वाटलं. दुप्पटने कुपन काचेवर ठेवलं. झाकण लावलं. झाकणावर उजवा हात ठेवला, डोळे मिटले, डावा हात मशीनच्या तोंडाशी धरला. मशीन गुरगुरलं आणि त्याच्या डाव्या हातात एक गुलाबी कागद आला. तो त्याच्याकडे असा बघत होता, जसं मूल झाल्यावर बाप बघतो. रंगवाला काही द्यायला लागला तर त्याने घेतलं नाही.

“कोणाला बोलू नकोस,” रंगवाला म्हणाला.

“छे,” दुप्पट म्हणाला.

संध्याकाळी पार्लरवाली आली. तिची सासू यायची होती म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी आला, तो म्हणाला, त्या रंगवाल्यासारखी माणसं असल्यावर गरिबाने काय करायचं. मग तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको, दोघं वेगवेगळे, एकमेकांना न सांगता. प्रत्येक जण इकडे तिकडे बघून आत शिरत होता, प्रत्येक जण आवाज खाली आणत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की गल्लीत अक्कल फक्त आपल्यालाच आहे. दुप्पटने कोणालाच नाही म्हटलं नाही. इतकी वर्षं ज्याची टिंगल झाली त्याच्या दारात आता माणसं चोरपावलांनी येत होती. त्याला वाटत होतं, शक्ती उतरली.

ताईने एकही शब्द काढला नाही. ऐकत होती आणि इस्त्री मारत होती. खरं सांगायचं तर तिची इस्त्री त्या दिवसांत फार सुरेख चालत होती. टँकर येऊ दे, मग बघू कोण कोणाचं तोंड बघतं ते. इतक्या आतुरतेने तिने नवरा बोटीवरून येण्याची वाटही पाहिली नव्हती.

टँकरच्या आदल्या दिवशी प्लायवूडच्या खालच्या फटीतून एक गुलाबी कागद सरकून तिच्या पायाशी आला. तिच्याच घराचा क्रमांक, तोच शिक्का.

“ताई,” पलीकडून आवाज आला, “आईसाठी.”

तिने तो कागद चपलेच्या टोकाने परत ढकलला.

“आईला पाणी लागतं,” ती म्हणाली. “कागद नाही.”

पलीकडे त्याने कागद उचलून घेतल्याची खसखस झाली. तेव्हाच तिने बोलायला हवं होतं. अरे वेड्या, बंद कर हे, उद्या टँकर अर्ध्यावर रिकामा होईल, एवढं एक वाक्य. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. तिने ते गिळलं आणि फवाऱ्याची बाटली उचलली.

टँकर सकाळी आला. टँकरवाला जाडजूड, गळ्यात टॉवेल, कोणाशी न बोलणारा. प्रत्येकाचं कुपन घ्यायचा, लांब तारेत खोचायचा आणि पाइप कॅनमध्ये सोडायचा. आईचे कपडे बदलून, तिला कुशीवर वळवून ताई निघाली तोवर तिचा नंबर खूप मागे गेला होता. तिला घाई नव्हती. पुढे चाललेला तमाशा तिला मागूनही स्वच्छ दिसत होता. रंगवाला स्वतः एकदा भरून गेला आणि मग त्याचा जावई, दूरच्या वस्तीत राहणारा, कुठलासा कॅन घेऊन उभा राहिला. पार्लरवालीची सासू खरंच आली होती. बिचारीला कुपन कशाचं तेही माहीत नव्हतं. शिंप्याने डोक्याला रुमाल बांधून दुसऱ्यांदा रांग धरली, जसं काही रुमालाने माणूस बदलतो.

टँकर गुरगुरला, पाइप फुसफुसला आणि पाणी संपलं. ताईच्या पुढे अजून पाच-सहा माणसं होती आणि मागे काही. सगळ्यांच्या हातात खरी कुपनं.

पुढे काय होणार हे ताईला इतकं तोंडपाठ होतं की तिने कॅन खाली ठेवून हाताची घडी घातली. मागचे ओरडले. टँकरवाला म्हणाला, जेवढी घरं तेवढं पाणी भरून आणलंय, हिशेब तिकडे विचारा. कोणीतरी म्हणालं, कुपनं बघा. त्याने तारेतून कुपनं काढली, बोनेटवर पसरली, आणि एकाच क्रमांकाची दोन दोन गुलाबी पिल्लं शेजारी शेजारी पडली. आरडाओरडा सुरू झाला. सगळ्यांत मोठा आवाज रंगवाल्याचा. नकली कुपनं! या गल्लीत! अध्यक्ष म्हणून माझी मान खाली गेली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ताईने आजवर ऐकल्या होत्या, इतक्या सुरात कधीच नव्हत्या ऐकल्या.

आणि मग, पाणी उतारावर जातं तशा सगळ्या नजरा दुप्पटकडे गेल्या. तो कोणा म्हातारीचा कॅन उचलून तिच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन देत होता. त्याने स्वतः पाणी घेतलंच नव्हतं.

“मी सगळ्यांना एकेकच दिली,” तो म्हणाला. तो घाबरला नव्हता, गोंधळला होता. “कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. मला वाटलं, सगळ्यांकडेच दुप्पट झालं की कोणाचंच कमी पडणार नाही.”

एवढं बोलून झाल्यावर त्याला बहुधा स्वतःचंच वाक्य ऐकू आलं, कारण त्याने म्हातारीचा कॅन तिथेच खाली ठेवला.

रंगवाल्याच्या दोन मुलांनी दुकानात शिरून मशीन ओढलं. त्यांना ते जप्त करायचं होतं म्हणे. पायरीवरून ते निसटलं, एका कोपऱ्यावर आदळलं आणि काच तडकून रस्त्यावर सांडली. दुप्पट खाली बसून काचा वेचायला लागला.

हीच ती घटका. ताई पुढे आली. रंगवाल्याच्या समोर उभं राहून तिने त्याचाच आवाज काढला, तोच पातळ हात दिलेला: “कुपन घडीवर फाटायला आलंय, रंग हुबेहूब यायला हवा.” मग पार्लरवालीकडे वळून सासूचं सांगितलं, शिंप्याकडे वळून गरिबाचं, तिसऱ्या मजल्यावरच्या नवऱ्याला बायकोचं आणि बायकोला नवऱ्याचं. एकेकाची अशी धुलाई केली की खडूने खोडलेली पाटी पुन्हा लिहावी. तिला वाटलं होतं, आता ही माणसं जमिनीत तोंड लपवतील.

कोणी लपवलं नाही. रंगवाल्याने एकदा खाकरून सांगितलं की वेळच तशी होती. शिंपी म्हणाला, सगळ्यांनीच केलं ना, मग एकट्यादुकट्याला काय बोलता. नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसले, बहुतेक बऱ्याच दिवसांनी. लाज नावाचं जे कापड ताई इतकी वर्षं कडक इस्त्री करून ठेवत आली होती, ते या गल्लीत कोणी अंगात घालतच नव्हतं.

आणि मग पार्लरवालीने विचारलं. भांडण म्हणून नाही, अगदी साधं, जसं दुकान किती वाजता उघडतं म्हणून विचारावं.

“तुम्हाला सगळं ऐकू येत होतं ना, ताई? मग तेव्हाच का नाही बोललात?”

ताईने तोंड उघडलं. आयुष्यभर तिच्याजवळ कोणाला तरी सुनवायला शब्द होता. दुसऱ्याचा पाणउतारा करायला तिला कधी विचार करावा लागला नव्हता. या वेळी काहीच आलं नाही. टँकरवाल्याने पाइप गुंडाळला आणि तो निघून गेला. ती रिकामे कॅन घेऊन घरी आली.

आईने खाटेवरून विचारलं, पाणी आलं का. आलं आणि गेलं, ताई म्हणाली. मग तिने इस्त्रीच्या फवाऱ्याची बाटली आणली, फडक्यावर मारून फडकं ओलं केलं आणि आईचं तोंड, मान, हात पुसले. बाटली संपली तेव्हा पाय राहिले होते. आई म्हणाली, राहू दे, पायांना कोण बघतंय. मग विचारलं, त्याला लागलं का गं, काच फुटल्याचा आवाज आला.

“त्याला कधी काही लागलंय?” ताई म्हणाली. पण संध्याकाळी जेवायला बोलवायला ती स्वतः पलीकडे गेली. दुकानाला कुलूप होतं.

पाणी खात्याने त्या गल्लीचे टँकर बंद केले. चौकशी होईपर्यंत म्हणे. आता बस डेपोच्या मागे एक हातपंप होता तिथवर कॅन घेऊन जावं लागायचं. ताई दोन्ही हातांत कॅन घेऊन येताना वाटेत थांबायची, आणि थांबली की पार्लरवालीचा प्रश्न तिला गाठायचा. उत्तर तिला माहीत होतं. सगळी बुडताना बघायची हौस होती, म्हणून. त्या सगळ्यांत आपली आईपण आहे एवढं मात्र हिशेबात धरलं नव्हतं. गल्लीतल्या माणसांविषयी तिचं मत तिळभर बदललं नाही, उलट आणखी खाली गेलं. फक्त आता त्या यादीत एक माणूस वाढला होता, आणि त्याला शिव्या घालताना आवाज बाहेर काढता येत नव्हता.

चौकशी कसली होते! कोणीतरी कोणाला तरी भेटलं आणि टँकर पुन्हा सुरू झाला. या वेळी कुपनं नव्हती, माणूस बघून बोटाला शाई लावत होते. टँकर गल्लीत वळला तेव्हा लोक हसायला लागले. पाइप धरून मागच्या पायरीवर दुप्पट उभा होता, कोणाचातरी ढगळ खाकी शर्ट अंगात. टँकरवाल्याचा जुना मदतनीस काम सोडून गेला होता. याला गल्ल्या माहीत होत्या, मेहनतीला नाही म्हणत नव्हता, आणि टँकरवाल्याला स्वतःला बोलायला आवडायचं नाही, त्यामुळे बोलणारा कोणीतरी हवाच होता.

रांगेतून शेरे आले. आता टँकरवर हात ठेव, दोन होतील. त्याने ते ऐकून घेतलं आणि पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून धार बारीक केली, म्हणजे बाहेर सांडणार नाही. प्रत्येक कॅन तो गळ्यापर्यंत भरत होता, तिथे थांबत होता, आणि पुढचा म्हणत होता. रंगवाल्यालाही तेवढंच. शिंप्यालाही तेवढंच.

ताईचा नंबर आला. त्याने वर बघितलं नाही. कॅन भरला. धार बंद करायला अर्धा क्षण उशीर झाला आणि पाणी गळ्याच्या वर चढलं.

“बहिणीचा बघा कसा काठोकाठ,” मागून पार्लरवाली म्हणाली.

दुप्पटने ताईचा कॅन उचलला, तिरका केला आणि वरचं पाणी पार्लरवालीच्या कॅनमध्ये ओतलं. मग तो ताईपुढे ठेवून म्हणाला, पुढचा.

ताईला असा राग आला की कान तापले. घरापर्यंत ती दात आवळून चालत आली, कॅन एका हातातून दुसऱ्या हातात घेत. एवढी अक्कल याला तेव्हा का नव्हती? आता आली ती नेमकी माझ्याच कॅनवर. कोण कुठली बाई, तिला लोटाभर जास्त! तिने आईला सगळं सांगितलं. ऐकून आईला इतकं हसू आलं की खोकला लागला. त्याच खोकल्यावर तिला त्या पाण्यातलं पहिलं भांडं पाजावं लागलं.

पुढे कधीतरी दूरच्या धरणातून नवी पाइपलाइन जोडली आणि नळ पुन्हा बोलायला लागले. कोणाच्या शक्तीने नाही. उशिराने, अर्धवट आणि तीही फुटकी. गल्ली महिन्याभरात सगळं विसरली. रंगवाल्याने जिन्यात स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली, पाणी जपून वापरा, आणि खाली अध्यक्ष म्हणून नाव घातलं. शिंप्याने त्याची पँट पुरी करून दिली. दवाखान्याच्या चादरी ताईकडे परत आल्या. पलीकडचं दुकान मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला भाड्याने गेलं. तो दिवसभर भिंग डोळ्याला लावून गप्प बसायचा. पलीकडून काहीच ऐकू येईना. आता ऐकण्यासारखं काही नाही म्हणून ताईने त्या माणसालाही घुम्या ठरवून टाकलं.

दुप्पट टँकरवरच राहिला. गावात कुठे ना कुठे पाणी नसतंच. सुट्टीच्या दिवशी तो आईजवळ येऊन बसायचा आणि नव्या नव्या वस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. एकदा ताई बाहेर चादरी धूत होती आणि आतून त्याचं बोलणं तिच्या कानावर आलं. तलावाच्या काठी बसून नुसतं बोट लावायचं, तो सांगत होता.

ती ओल्या हातांनी दारात आली. “अजून?”

“लोक विचारतात गं,” तो म्हणाला. “तास तासभर उभं राहायचं असतं त्यांना. काहीतरी बोलावं लागतं.”

“आणि विश्वास ठेवतात?”

तो जरा विचार करून म्हणाला, “ठेवू देत नाही आता. शेवटी सांगतो की टँकर एकच आहे.”

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. पण दवाखान्याच्या चादरी लांब असतात, एकटीला पिळता येत नाहीत, आणि ऊन सरत चाललं होतं. तिने एका चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं.

“पीळ,” ती म्हणाली. “उलट्या बाजूने. एवढं तरी जमतंय का बघू.”

त्याने पीळ दिला. तोही तिच्याच बाजूने. चादर गोल फिरली, पाणी जिथल्या तिथे राहिलं. ताईने कपाळाला हात लावला, चादर सोडवली आणि टोक पुन्हा त्याच्या हातात दिलं.